मवाळ हवेच्या खोऱ्यात बर्फाची वादळं येतात कुठून?

अमेरिकेचा नकाशा उघडा आणि दोन शहरं शोधा. एक मिनियापोलिस, दुसरं ऑरेगन राज्यातलं पोर्टलंड. दोन्ही साधारण ४५ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. म्हणजे सूर्य दोघांनाही जवळपास सारखाच मिळतो. तरी जानेवारीत मिनियापोलिसचं रात्रीचं तापमान उणे १० अंशांच्याही खाली सहज जातं, आणि पोर्टलंडमध्ये मात्र दिवसा ७-८ अंश आणि रात्री २-३ अंश, वर दिवसभर रिपरिप पाऊस. मिनियापोलिसमध्ये वर्षाला सरासरी ५० इंचांहून जास्त हिम पडतं. पोर्टलंडमध्ये चारेक इंच, आणि त्याच्या उत्तरेला असलेल्या सिअ‍ॅटलच्या विमानतळावर सहा इंचांच्या आसपास. कित्येक हिवाळे तर हिम न दिसताच सरतात.

आणि तरीही या मवाळ सखल पट्ट्याच्या इतिहासात अशी काही वादळं आहेत की कॅथेड्रलचा घुमट खाली आला, रेल्वे दिवसेंदिवस बंद पडली आणि लाखो घरं अंधारात गेली. असं का होतं? आणि अशा ठिकाणची वादळं कायम थंड असलेल्या प्रदेशांपेक्षा जास्त लक्षात का राहतात? माझं पीएच.डी.चं काम डोंगरांच्या मधे अडकून बसणाऱ्या थंड हवेच्या उथळ थरांवर आहे, त्यामुळे ही वादळं रोजच्या अभ्यासाचा भाग झाली आहेत. आज ती जरा सविस्तर समजून घेऊ.

आधी शब्दांचा घोळ सोडवू

मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. उसाच्या रसात टाकतात तो बर्फ, मनालीला पडतो तोही बर्फ, आणि मार्च महिन्यात द्राक्षबागा झोडपून काढणाऱ्या गारा पण ‘बर्फाच्याच’. पण हवामानशास्त्रात या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या लेखापुरतं आपण त्या वेगळ्याच ठेवू.

गारा तयार होतात उंच गडगडाटी ढगांत. खालून वर जाणारा हवेचा जोरदार झोत पाण्याच्या थेंबांना पुन्हा पुन्हा वर फेकतो आणि त्यांच्यावर बर्फाचे थर चढत जातात. त्यासाठी जमीन चांगली तापलेली असली तर उत्तमच. त्यामुळे गारपिटीचा आजच्या विषयाशी संबंध नाही.

हिम म्हणजे ढगात थेट तयार झालेले स्फटिक, जे वाटेत कुठेही न वितळता जमिनीवर पोचतात. भुसभुशीत आणि पांढरं.

तिसरा प्रकार आपल्याकडे जवळपास दिसतच नाही, म्हणून त्याला रूढ मराठी शब्दही नाही. इंग्रजीत त्याला फ्रीझिंग रेन म्हणतात. आपण त्याला ‘गोठता पाऊस’ म्हणू. हा पडतो पावसासारखाच, द्रवरूपात. पण झाडाला, तारेला, रस्त्याला, गाडीच्या काचेला टेकला की तिथेच गोठून पारदर्शक काचेसारखा थर बनतो. ऑरेगन-वॉशिंग्टन भागात याला ‘सिल्व्हर थॉ’ असंही एक जुनं, सुंदर नाव आहे. नाव सुंदर असलं तरी प्रकार भयंकर आहे.

हवा मवाळ कशामुळे?

सिअ‍ॅटलपासून पोर्टलंड, सेलम, युजीनपर्यंत उत्तर-दक्षिण जाणारा एक लांबट सखल पट्टा आहे. उत्तरेकडच्या भागात प्युजेट साउंड नावाचं आत शिरलेलं समुद्राचं पाणी, दक्षिणेकडच्या भागात विलामेट नदीचं खोरं. पश्चिमेला किनाऱ्यालगतचे डोंगर आणि त्यापलीकडे पॅसिफिक महासागर. पूर्वेला कॅस्केड पर्वतरांग.

सह्याद्रीचं उदाहरण डोळ्यासमोर आणा. कोकणात दमट, देशावर कोरडं, आणि मधे भिंत. कॅस्केडचंही तसंच, फक्त भिंत बरीच उंच. तिथले मुख्य घाटरस्तेच हजारेक मीटर उंचीवरून जातात, आणि माउंट हूडसारखी शिखरं ३,४०० मीटरच्या वर आहेत. हिवाळ्यात पश्चिमेकडून महासागरावरची हवा येत राहते. समुद्राचं पाणी हिवाळ्यातही फार गार होत नाही, त्यामुळे ही हवाही गोठणबिंदूच्या वरच असते. दुसऱ्या बाजूला, कॅनडाच्या आतल्या भागातून खाली सरकणारी कडक थंडी या पर्वतरांगेला अडते आणि पूर्वेकडेच साचते. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी सखल भागात जाऊन बसते, डोंगर चढायला बघत नाही.

म्हणजे पश्चिमेकडच्या लोकांना थंडीपासून वाचवणारी एक भिंत आहे आणि भिंतीच्या पलीकडे थंड हवेचं तळं आहे. आता प्रश्न एवढाच, की या भिंतीला भोक कुठे आहे?

भिंतीतल्या दोन खिंडी

भोकं दोन आहेत. पहिलं उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीत: फ्रेझर नदीचं खोरं. ब्रिटिश कोलंबियाच्या आतली थंड हवा यातून बाहेर पडते आणि बेलिंगहॅमवरून दक्षिणेला सिअ‍ॅटलकडे पसरते. सिअ‍ॅटलच्या बहुतेक मोठ्या हिमवादळांमागे ही वाट असते.

दुसरं भोक कोलंबिया गॉर्ज. कोलंबिया ही प्रचंड नदी कॅस्केड रांग आरपार कापून पश्चिमेला जाते, आणि तिने खोदलेली घळ जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे. इतक्या उंच भिंतीत तळाशीच दरवाजा! पूर्वेला थंड हवेचं तळं साचलेलं आणि पश्चिमेला किनाऱ्याकडे कमी दाबाचा पट्टा आला, की दाबाच्या फरकामुळे थंड हवा या घळीतून जोरात बाहेर ओतली जाते. घळीचं पश्चिमेकडचं तोंड ट्राउटडेल गावाजवळ उघडतं, आणि तिथून पोर्टलंडची पूर्वेकडची वस्ती लगेच सुरू होते.

आता गंमत बघा. थंड हवा पश्चिमेला खेचणारी कमी दाबाची प्रणाली तीच, जी महासागरावरून ऊबदार, बाष्पाने भरलेली हवाही घेऊन येते. खालून पूर्वेची कोरडी गार हवा, वरून पश्चिमेची ओली ऊबदार हवा. दोघी एकमेकींत चटकन मिसळत नाहीत. जड असल्यामुळे थंड हवा खाली राहते आणि ऊबदार हवा तिच्यावर चढते. खिचडीवर तूप तरंगावं तसे दोन थर तयार होतात.

पुढे काय पडणार हे या थरांच्या जाडीवर ठरतं. वरून खालपर्यंत सगळीच हवा शून्याखाली असेल तर हिम. मधे ऊबदार थर असेल तर हिम वितळून थेंब होतो. त्याखालचा थंड थर चांगला जाड असेल तर थेंब वाटेतच गोठतो आणि साबुदाण्यासारखे टणक दाणे पडतात. आणि थंड थर जमिनीलगत काहीशे मीटरच असेल, तर थेंबाला गोठायला वेळच मिळत नाही. तो शून्याखालच्या तापमानालाही द्रव राहून खाली येतो. हाच गोठता पाऊस.

गोठता पाऊस इतका चिवट का?

शून्याखालचं पाणी द्रव कसं राहू शकतं, असं वाटेल. पाण्याला गोठायला सुरुवात करायला काहीतरी आधार लागतो, एखादा कण, एखादा पृष्ठभाग. पडणाऱ्या थेंबाला तो मिळत नाही. फांदीला टेकताक्षणी मिळतो.

पण टेकल्यावर तो एकदम गोठत नाही. गोठताना पाणी उष्णता बाहेर टाकतं, दर किलोला सुमारे ३३४ किलोज्यूल. थेंब उणे ४ अंशांवर असेल तर हिशोब करून बघा: त्याच्या थंडपणात फक्त ५ टक्के पाणी गोठवण्याइतकीच ‘शिल्लक’ असते. तेवढं गोठलं की थेंब शून्य अंशावर येतो. उरलेलं ९५ टक्के पाणी पातळ थर होऊन पसरतं, फांदीला सगळीकडून वेढतं, आणि मग वाऱ्याला उष्णता देत देत सावकाश गोठतं. म्हणून हा बर्फ पारदर्शक, गुळगुळीत आणि घट्ट चिकटलेला असतो. झटकून निघत नाही.

यातून अजून एक गोष्ट निघते. गोठणारं पाणी आजूबाजूच्या हवेला सतत उष्णता देतं. म्हणजे गोठता पाऊस स्वतःच स्वतःला थांबवत असतो: काही तासांत जमिनीजवळची हवा शून्याच्या वर यायला हवी आणि साधा पाऊस सुरू व्हायला हवा. बऱ्याच ठिकाणी तसंच होतं. पण पोर्टलंडच्या शेजारी कोलंबिया गॉर्ज आहे. तिथून ताजी, कोरडी, थंड हवा अखंड येत राहते आणि ही ऊब वाहून नेते. जोवर पूर्वेकडचं तळं रिकामं होत नाही तोवर पुरवठा चालू. म्हणून इथली बर्फाची वादळं दोन-दोन, तीन-तीन दिवस टिकू शकतात.

आता वजनाचं बघू. एक सेंटिमीटर जाडीची विजेची तार घ्या. तिच्याभोवती सगळीकडून सव्वा सेंटिमीटर, म्हणजे अर्धा इंच बर्फ चढला. दर मीटरला सुमारे ८०० ग्रॅम वजन वाढतं. दोन खांबांमध्ये ५० मीटर अंतर असेल तर तारेवर ४० किलो जादा. थर एक इंचाचा झाला तर? वजन दुप्पट होत नाही, तिपटीहून जास्त होतं, सुमारे १२५ किलो. कारण बाहेरचा घेर वाढत जातो तसा प्रत्येक नवा थर आधीच्यापेक्षा जास्त बर्फ धरतो. झाडाच्या बारीक फांद्यांच्या बाबतीत तर हे प्रमाण आणखी वाईट असतं. ‘अर्धा इंच’ आणि ‘एक इंच’ हे अंदाजात जवळचे आकडे वाटतात, पण तारेसाठी आणि झाडासाठी तो जगण्या-मरण्याचा फरक असतो.

लक्षात राहिलेली काही वादळं

सगळी यादी देत नाही. प्रत्येकातून काहीतरी शिकण्यासारखं आहे अशी निवडक घेतो.

१८८० चा जानेवारी. सिअ‍ॅटल तेव्हा छोटं लाकडी गाव होतं. काही दिवस सलग हिम पडत राहिलं आणि काही फुटांचा थर साचला. त्याच महिन्यात ऑरेगनमध्ये मोठं वादळी वारं येऊन गेलं. तिथले जुने लोक पुढे कित्येक वर्षं प्रत्येक हिवाळ्याची तुलना या हिवाळ्याशी करत. त्यानंतर १८९२ च्या डिसेंबरमध्ये, नाताळच्या आधीच्या चार दिवसांत, पोर्टलंडमध्ये २७.५ इंच हिम पडलं. आज जिथे वर्षाला चारेक इंच पडतं, तिथे!

१९१६, फेब्रुवारीचे पहिले दोन दिवस. सिअ‍ॅटलमध्ये २४ तासांत २१.५ इंच हिम पडलं. २ फेब्रुवारीला सेंट जेम्स कॅथेड्रलचा घुमट त्या भाराने आत कोसळला. सुदैवाने त्यात कोणी मेलं नाही. इथेही हिशोब करून पाहा. २१.५ इंच म्हणजे ५५ सेंटिमीटर. हिम ओलसर असेल आणि त्याची घनता पाण्याच्या एक-पंचमांश धरली, तर दर चौरस मीटरला ११० किलो. म्हणजे छपरावर प्रत्येक चौरस मीटरमध्ये दीड माणूस उभा केल्यासारखं. गोठणबिंदूच्या जवळचं हिम नेहमी ओलं आणि जड असतं. मिनियापोलिससारख्या ठिकाणचं कोरडं, पिठासारखं हिम तेवढ्याच उंचीला कितीतरी हलकं असतं. घुमट पुन्हा बांधला गेला नाही. आज त्या कॅथेड्रलला घुमट नाही.

१९२१ चा नोव्हेंबर. माझ्या दृष्टीने या यादीतलं हे सगळ्यात बोलकं वादळ. १८ ते २२ नोव्हेंबरच्या दरम्यान कोलंबिया गॉर्जच्या पूर्व टोकाला असलेल्या द डॅल्स गावात ५४ इंच हिम पडलं. घळीत हिम, बर्फाचे दाणे आणि गोठता पाऊस असे तिन्ही प्रकार झाले. ट्राउटडेलच्या पूर्वेला रेल्वे, तारायंत्र आणि रस्ता तिन्ही बंद. घळीतून जाणारा नवाकोरा महामार्ग तेव्हा त्या भागाचा अभिमान होता. एकाच वादळात, काही मैलांच्या अंतरात, वर सांगितलेल्या थरांची सगळी रूपं पाहायला मिळाली: पूर्वेला थंड थर जाड म्हणून हिम, पश्चिमेला येता येता तो पातळ म्हणून गोठता पाऊस.

१९५० चा जानेवारी. १३ तारखेला एका दिवसात सिअ‍ॅटलच्या विमानतळावर २० इंच हिम, आणि महिन्याभरात मिळून ५७.२ इंच. महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिथलं तापमान ० फॅरनहाइट, म्हणजे उणे १८ सेल्सिअसच्या आसपास उतरलं. अशा शहराला हे झेपणं शक्यच नव्हतं.

२००८ चा डिसेंबर. या वेळी धडा हवामानाचा कमी आणि कारभाराचा जास्त होता. खारं पाणी प्युजेट साउंडमध्ये जाऊ नये म्हणून सिअ‍ॅटल शहराने रस्त्यांवर मीठ टाकायचं टाळलं. दोनेक आठवडे पुन्हा पुन्हा हिम पडलं, ते रस्त्यावर दाबलं जाऊन टणक झालं आणि चढउतारांच्या या शहरात बससेवा कोलमडली. पुढच्या ऑगस्टमध्ये महापौर ग्रेग निकल्स प्राथमिक फेरीतच हरले. त्या पराभवाच्या कारणांमध्ये लोक आजही त्या बर्फाचं नाव घेतात.

२०२१ चा फेब्रुवारी. त्या दिवसांत जगाचं लक्ष टेक्सासकडे होतं, तिथल्या वीजसंकटाकडे. त्याच आठवड्यात विलामेट खोऱ्यात ११ ते १५ फेब्रुवारीदरम्यान गोठता पाऊस पडत होता. काही ठिकाणी एक इंचाहून जास्त थर चढला. ऑरेगनमध्ये तीन लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, काही ग्रामीण भागांत ती आठवड्याहून जास्त काळ आली नाही. सेलम आणि आसपासचे जुने ओक रात्रभर मोडत होते. क्लॅकमस काउंटीत चार जण कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने गेले. याच भागातल्या अनेक लोकांनी पाच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २०२० मध्ये, वणव्यामुळे घरं सोडली होती, आणि चार महिन्यांनी, जून २०२१ मध्ये, पोर्टलंडचं तापमान ४६ अंशांच्या वर जाणार होतं. ‘मवाळ’ हा शब्द सरासरीचा असतो हे यावरून लक्षात यावं.

एका अंशाचा प्रश्न

मिनियापोलिसमध्ये अंदाज सांगणाऱ्याला जानेवारीत एक गोष्ट नक्की माहीत असते: जे पडेल ते बहुधा हिमच असेल. अंदाज दोन अंशांनी चुकला तरी उणे १२ च्या जागी उणे १०, हिम ते हिमच. पोर्टलंडमध्ये अंदाज दोन अंशांनी चुकला तर साध्या पावसाच्या जागी शहर ठप्प होतं.

त्यात भर म्हणजे तापमान पडणाऱ्या पावसामुळेच बदलतं. माठातलं पाणी गार का होतं, ते आठवा. पाणी बाष्प होताना उष्णता खेचून घेतं. कोरड्या हवेतून पाऊस किंवा हिम पडायला लागलं की त्याचं थोडं बाष्पीभवन होतं आणि हवा गार होते. हिम वितळतानाही उष्णता खेचतं. त्यामुळे संध्याकाळी ३ अंश तापमान असलेल्या ठिकाणी जोराची सर आली की तासाभरात शून्य होऊन हिम पडायला लागू शकतं. किती जोराची सर, नेमकी कुठे, किती वेळ, यावर सगळं अवलंबून.

२२ फेब्रुवारी २०२३ ला पोर्टलंडमध्ये असंच झालं. सकाळच्या अंदाजात थोड्याशा हिमाची शक्यता होती. दुपारनंतर, ऑफिसं सुटायच्या वेळेला, हिमाचा एक पट्टा शहरावरच ठाण मांडून बसला. विमानतळावर जवळपास ११ इंच नोंदले गेले. लोक रात्रभर महामार्गांवर गाड्यांत अडकले, अनेकांनी गाड्या तिथेच सोडून पायी घर गाठलं. पट्टा थोडा उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकला असता तर कदाचित त्याची बातमीही झाली नसती.

दुसरी अडचण संगणकीय मॉडेल्सची. मॉडेल वातावरणाचे चौकोनी ठोकळे करून गणित करतं. ठोकळा मोठा असेल तर घळ त्याला दिसतच नाही. ठोकळा बारीक केला तरी जमिनीलगतचा काहीशे मीटरचा थंड थर अवघड जातो: मॉडेल्स वरची ऊबदार हवा आणि खालची गार हवा प्रत्यक्षापेक्षा लवकर मिसळून टाकतात, म्हणजे थंडी ‘वेळेआधी संपवतात’. अनुभवी पूर्वानुमानकार त्यामुळे मॉडेलने ‘दुपारपर्यंत वितळेल’ म्हटलं तरी घळीच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक स्वतः बघतात. तो टिकून असेल तर थंड हवेचा नळ अजून उघडाच आहे.

शंभर वर्षांपूर्वीचं वादळ कसं अभ्यासायचं?

१९२१ ला ना रडार होतं, ना उपग्रह, ना आजच्यासारखी फुगे सोडून वरच्या हवेची नियमित मोजमापं. मग तेव्हा काय झालं ते कळणार कसं?

इथे एक सुंदर काम उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या नोआ आणि कोलोराडो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी रिअ‍ॅनालिसिस’ नावाचा डेटासंच तयार केला. जगभरच्या जहाजांनी आणि वेधशाळांनी नोंदवलेले हवेच्या दाबाचे जुने आकडे मॉडेलला द्यायचे आणि त्याला विचारायचं: हे दाब खरे असतील तर पूर्ण वातावरण तेव्हा कसं असलं पाहिजे? उत्तर एक न देता ८० संभाव्य उत्तरं मिळतात. ती एकमेकांशी जितकी जुळतात तितकी आपली खात्री जास्त. तिसरी आवृत्ती १८३६ पर्यंत मागे जाते, म्हणजे १८८० चं वादळही तिच्या टप्प्यात येतं.

पण तिचा एक ठोकळा सुमारे ७५ किलोमीटरचा आहे. कोलंबिया गॉर्ज काही किलोमीटर रुंद. या डेटाला कॅस्केड म्हणजे एक पसरट उंचवटा दिसतो, घळ दिसतच नाही. म्हणून पुढची पायरी अशी: मोठ्या चित्रातली हवा घ्यायची, ती बारीक ठोकळ्यांच्या मॉडेलच्या कडांवरून आत सोडायची, आणि आत खरा डोंगर, खरी घळ ठेवायची. मग त्याची पडताळणी स्थानिक निरीक्षकांनी हाताने लिहिलेल्या हिमाच्या, तापमानाच्या नोंदींशी करायची. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी रोज सकाळी बोचऱ्या थंडीत काठी रोवून हिमाची उंची मोजली, आणि तो आकडा आज सुपरकॉम्प्युटरच्या निकालाला तपासतो. मला या कामातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं.

हा सगळा खटाटोप कशासाठी? कारण आज उभे असलेले खांब, तारा आणि छपरं गेल्या काही दशकांच्या अनुभवावर बांधली जातात. १८८०, १८९२, १९१६, १९२१, १९५० ही वर्षं बघा. दोन मोठ्या घटनांमध्ये कधी पाच वर्षं, कधी जवळपास तीस वर्षं. एका पिढीला काहीच दिसलं नाही म्हणून धोका संपला असं होत नाही.

तापमानवाढीमुळे हे संपेल का?

हा प्रश्न हमखास येतो. सरासरी तापमान वाढतं तसे सखल भागातले हिमाचे दिवस कमी होत जातात, आणि या पट्ट्यात लांब पल्ल्याचा कल तसाच आहे. पण गोठत्या पावसाचं गणित इतकं सरळ नाही. त्याला वर ऊबदार थर हवाच असतो. जिथे आज हिम पडतं तिथे उद्या वरचा थर थोडा तापला, तर काही काळ तिथे गोठता पाऊस पडू शकतो. शिवाय ऊबदार हवा बाष्प जास्त धरते. खालची थंडीही कमी होत जाणार, हे खरं; पण पूर्वेचं तळं आणि भिंतीतला दरवाजा दोन्ही आहेत तिथेच राहणार आहेत. ‘कमी वेळा’ म्हणजे ‘कधीच नाही’ नव्हे. आणि कमी वेळा येणाऱ्या गोष्टीची तयारी लोक आधी सोडतात.

तिथे राहणाऱ्यांसाठी

पोर्टलंडजवळच्या हिल्सबरोत आणि सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंड-बेलव्ह्यूमध्ये कॉम्प्युटर क्षेत्रातल्या कामासाठी गेलेली बरीच मराठी कुटुंबं राहतात. तुमच्या घरातलं कोणी असेल तर हा भाग त्यांना जरूर पाठवा.

पहिली गोष्ट: वीज गेल्यावर घरात, गॅरेजमध्ये किंवा बाल्कनीत कोळशाची शेगडी, बार्बेक्यू, जनरेटर लावायचा नाही. दार उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, बाहेरच. २००६ च्या डिसेंबरात सिअ‍ॅटल भागात मोठं वादळी वारं येऊन वीज गेली तेव्हा या विषबाधेचे अनेक बळी बाहेरून आलेल्या कुटुंबांतले होते, आणि तिथल्या ‘सिअ‍ॅटल टाइम्स’ने पहिल्या पानावर वेगवेगळ्या भाषांत इशारा छापला. आपल्याकडे घरात शेगडी पेटवणं अनोळखी नाही, पण आपली जुनी घरं हवा खेळती असलेली असतात. तिथली घरं थंडीसाठी घट्ट बंद केलेली असतात.

दुसरी गोष्ट: गाडीवर विजेची तार पडली तर गाडीतच बसून राहायचं आणि फोनवरून मदत मागायची. जानेवारी २०२४ च्या बर्फाच्या वादळात पोर्टलंडमध्ये उभ्या गाडीवर तार पडली, गाडीतले लोक बाहेर पडले आणि तीन तरुण जीव गेले. एक बाळ वाचलं. गाडीत असताना आपण आणि गाडी एकाच विद्युतदाबावर असतो, म्हणून प्रवाह आपल्यातून वाहत नाही. एक पाय गाडीत आणि एक जमिनीवर पडला की आपणच तार होतो. गाडीला आग लागली असेल तरच बाहेर पडायचं, तेही दोन्ही पाय जुळवून उडी मारून, गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श न करता. मग पाय न उचलता, घासत घासत लांब जायचं. बर्फावर हे फार अवघड असतं, म्हणून बसून राहणं हाच खरा उपाय.

तिसरी गोष्ट साधी आहे. अंदाजात ‘एक अंश’ आणि ‘पूर्वेचा वारा’ हे दोन शब्द एकत्र ऐकू आले, की त्या दिवशी दुपारी लवकर घरी निघा. सगळे म्हणतील की नुसता पाऊसच पडणार आहे. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर ठरेल. त्यात तुमचा एक तास जाईल, एवढंच.